मग जिवाणी कुठं सोडायची?



आमचं घर बारामतीच्या जुन्या गावठाणात, कऱ्हा नदीपासून चालत पाच मिनिटांवर. मागच्या वर्षी ते पाडून नवीन बांधायचं ठरलं. इंजिनिअरने आणलेल्या नकाशात मागच्या अंगणातला आड बुजवून तिथं दोन गाड्यांचं पार्किंग दाखवलं होतं. खरं सांगते, हा हट्ट माझाच होता. नळाला पाणी येतं, मग तो आड कशाला हवा? पावसाळ्यात शेवाळ, उन्हाळ्यात डास, आणि नातवंडं आली की जिवाला घोर.

सासूबाईंनी नकाशा बघितला, चष्मा काढून ठेवला आणि एवढंच विचारलं, "मग जिवाणी कुठं सोडायची?"

नव्या सुनांसाठी सांगते. पाणी दुहेरी जाड कापडातून गाळायचं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. पण गाळल्यावर कापडात जे सूक्ष्म जीव राहतात, ते गाळलेल्याच पाण्याने हळूच उतरवून, जिथून पाणी आणलं तिथंच परत सोडायचे असतात. ती जिवाणी. वरून ओतायची नाही. बुडाला कडी असलेल्या बादलीतून खाली पाण्यापर्यंत न्यायची आणि तिथं अलगद उलटी करायची. निम्मा धर्म गाळण्यात आणि निम्मा परत करण्यात, असं सासूबाई म्हणतात.

मी सहज म्हणाले, "नदी आहे की जवळच. नदीत सोडू."

"जा, बघून ये," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दर्शन करून परस्पर नदीवर गेले. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण मुद्दाम नदी बघायला मी कधी गेलेच नव्हते. सिद्धेश्वराचं मंदिर, काशीविश्वेश्वराचं मंदिर, बाबूजी नाईकांचा वाडा, सगळं नदीलाच धरून. हे नाईक पेशवाईतले मोठे सावकार. बाजीराव पेशव्यांनासुद्धा त्यांनी कर्ज दिलं होतं, आणि पेशव्यांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला दिलेली होती. त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत इथं राहिले, आणि १७९४ मध्ये गेले तेही बारामतीतच. म्हणजे शाळेत पाठ करताना ज्यांच्या आर्यांनी आपल्याला रडवलं, त्या पंतांच्या घरीही पाणी कऱ्हेचं नाहीतर तिच्या काठच्या आडाचंच असणार.

पण आमची पेठ वाढली ती नदीवर नाही, कालव्यावर. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला. भाटघर धरणाचं पाणी बारामती, इंदापूरकडे आलं, माळावर ऊस उभा राहिला, उसामागून गूळ आला आणि गुळामागून अडते, कापडवाले, सराफ. १९१४ मध्ये दौंडहून छोटी रेल्वे आली. मारवाड पेठ, महावीर पथ या भागात आपल्या समाजाची दुकानं आणि घरं वाढली ती याच व्यापारावर. कऱ्हेनं गाव वसवलं, पण त्याला पोसलं नीरेनं. नदीकडे पाठ फिरवायला आम्ही तेव्हाच सुरुवात केली असावी.

आता नदीकाठ सुशोभित होतोय. भिंती बांधल्यात, फिरायला रस्ता केलाय, संध्याकाळी बायका चालायला येतात. चांगलंच आहे. पण पाणी? वर जेजुरीजवळ नाझरे धरण. ते भरून वाहिलं तर कऱ्हा वाहणार, नाहीतर डबकी आणि सांडपाणी. आणि कधी उलटंच. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझऱ्यातून एवढं पाणी सुटलं, की काठावरच्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली होती. मी गेले त्या दिवशी पाण्यावर हिरवा तवंग होता आणि वास येत होता. मी पदर नाकाला लावला आणि परत फिरले. त्या पाण्यात कोणता जीव सोडणार?

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नदी स्वच्छ असती तरी चाललं नसतं. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाही. म्हणून तर जिथलं तिथं."

हे वाक्य ऐकलं आणि मला माझी आजी आठवली. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं पळसदेव. उजनी धरण झालं आणि जुनं गाव पाण्यात गेलं. घरं, वाटा, पळसनाथाचं देऊळ, सगळंच. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की देवळाचं शिखर वर येतं आणि लोक होडीने बघायला जातात. आजीला नव्या गावठाणात घर मिळालं होतं, आजोबांचं दुकानही पुन्हा लागलं होतं. कुणी म्हणणार नाही की तिचं वाईट झालं. पण शेवटपर्यंत ती "आपल्या आडाचं पाणी गोड होतं" म्हणायची आणि आम्ही हसायचो. माझ्या माहेरचा आड धरणाने नेला, त्याला इलाज नव्हता. सासरचा आड मी गाडीसाठी बुजवणार होते.

त्या रात्री सासूबाईंनी एक जुनी गोष्ट सांगितली. आचार्य शांतिसागर महाराजांचा १९५१ चा चातुर्मास बारामतीत झाला. आहाराच्या चौक्याला पाणी आडाचंच लागतं, नळाचं चालत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या आजेसासूबाई पहाटे ओल्या सोवळ्याने याच आडाचं पाणी शेंदायच्या. महाराजांचं पडगाहन आपल्या दारी व्हावं म्हणून चार महिने उभ्या राहिल्या. झालं की नाही, ते सासूबाईंना नक्की आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की रोज जिवाणी सोडल्याशिवाय त्यांनी चूल पेटवली नाही.

आम्ही नकाशा बदलला. पार्किंग एकाच गाडीचं झालं, यांची स्कूटर बोळात लागते आणि त्यावरून अजून टोमणे ऐकते मी. आडाला कठडा बांधून वर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप लावलं. डासांसाठी बारीक जाळी वेगळी. कालव्याला आवर्तन असलं की आडाचं पाणी हात-दोन हात वर येतं आणि कालवा बंद झाला की उतरतं. म्हणजे आमच्या आडातही थोडी नीरा आहेच.

नळाच्या पाण्याचं काय, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते कालव्यातून साठवण तलावात येतं, तिथून क्लोरीन होऊन घरी. गाळते मी तेही. पण ते परत कुणाला करायचं? तुमच्याकडे कसं करतात, जरूर सांगा.

कऱ्हा पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला. म्हणजे सासरचं पाणी शेवटी माहेरच्या नदीलाच जातं. म्हणून नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांना नावं ठेवताना आता जीभ अडखळते. आमच्या मोरीचं पाणी तरी कुठं जातं?

सासूबाईंना आता वाकवत नाही. सकाळी त्या खुर्चीवर बसतात, मी बादली खाली सोडते. दोर सैल पडला की त्या विचारतात, "टेकली?" मी म्हणते, "टेकली." मग त्या णमोकार म्हणतात आणि मी बादली उलटी करते.

जय जिनेंद्र.