सारसोळे, खाडी आणि एक सही

नवी मुंबईतला वीकएंड म्हणजे मॉल आणि पाम बीच रोडवर गाडी पळवणं, एवढंच ना? या वेळी नेरूळला उतरा, पश्चिमेला बाहेर पडा आणि रिक्षावाल्याला ‘सारसोळे’ सांगा. सेक्टर ६ च्या सोसायट्यांना खेटून कोळी-आगरी लोकांचं हे जुनं गाव आहे. सिडकोचे सरळ रस्ते इथे एकदम बोळ होतात. पाम बीच रोड ओलांडला की जेट्टी, खारफुटी आणि ओहोटीत चिखलावर टेकलेल्या होड्या!

माझी आत्या इथेच राहते. परवा जेट्टीवर फिरताना तिने सहज विचारलं, ‘‘देहदानाचा फॉर्म भरतेय. साक्षीदार म्हणून सही करशील?’’ मी गार!

खरं तर हा विषय नेरूळमध्ये निघावा यात नवल नाही. डी. वाय. पाटील आणि तेरणा, दोन मेडिकल कॉलेजं इथेच. पहिल्या वर्षाची मुलं माणसाचं शरीर शिकतात ती मृतदेहाच्या विच्छेदनातून. थ्रीडी मॉडेल्स आहेत हो, पण प्रत्येकाची रक्तवाहिनी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे जात नाही, हे खऱ्या देहातच कळतं. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळू शकतात. देहदानात मात्र माणूस स्वतः ‘हो’ म्हणालेला असतो. देह फॉर्मलिनने टिकवतात. अनेक कॉलेजांत विच्छेदनाआधी विद्यार्थी देहाचा मान राखण्याची शपथ घेतात.

‘‘हे काही आजचं फॅड नाही,’’ आत्या म्हणाली. सुश्रुताने मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायला सांगितलंय. सात रात्रींनंतर तो हळूहळू घासायचा आणि आतला एकेक भाग डोळ्यांनी बघायचा. पुढे ती परंपरा तुटली. १८३६ मध्ये कोलकात्यात मधुसूदन गुप्तांनी विच्छेदन केलं, तेव्हा ते मोठं धाडस ठरलं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात जन्मलेले नानाजी देशमुख २०१० मध्ये गेले, त्यांचा देह दिल्लीच्या ‘एम्स’ला दिला गेला.

‘‘आणि बाबा? अग्नी नाही तर गती नाही, म्हणतील ते.’’

‘‘म्हणून तर तुझी सही हवी. फॉर्म कपाटात असतो रे. मी गेल्यावर कॉलेजला फोन कोण करणार?’’

खरी मेख इथेच आहे. फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती नसेल तर कॉलेज देह नेत नाही. मी सही केली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा तिने बाबांसाठी ठेवलीय.

तुमच्या घरी कुणाच्या मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा. फॉर्म कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. देह काही तासांतच पोचवावा लागतो, सोबत डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला हवा. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान केलं तरी देहदान करता येतं, मात्र डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात.

आणि मुख्य म्हणजे आधी घरात बोला. जेवणाच्या टेबलावर विषय निघत नसेल तर सगळ्यांना संध्याकाळी सारसोळे जेट्टीवर घेऊन जा. तिथे कुणालाच घाई नसते.