नाही म्हणणारं प्रतिपिंड

भवानी पेठेतल्या घरात बुरशी कुठे शोधायची, ते तिथला धंदा सांगतो. सोलापूरची हवा कोरडी, आणि कोरड्या हवेत सूत तुटतं. म्हणून मागाची खोली दमट ठेवायची ही विणकरांची जुनी रीत. खळ लावलेलं सूत, पुठ्ठ्याची खोकी, शेजारच्या घरी ओल्या फडक्यात गुंडाळलेली बिडीची पानं, हे सगळं बुरशीचं आवडतं खाणं. पावसाळ्यात पत्रा गळला की भिंतीला टेकलेल्या खोक्यामागे काळं उमटतं. त्यावर सेलोटेप दाबायची, उचलायची, निळ्या रंगाच्या थेंबात काचेवर बसवायची. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम ही नेहमीचीच मंडळी दिसतात. मला हवी असते ती स्टॅकिबोट्रिस क्वचितच.

ही बुरशी कोर्डा या संशोधकाने १८३७ मध्ये प्रागमधल्या एका भिंतीवरच्या कागदावरून नोंदवली. नुसत्या दमट हवेवर तिचं भागत नाही. सतत ओला राहिलेला कागद, पुठ्ठा, पेंढा लागतो. तिचे बीजाणू चिकट गुच्छात असतात, ओले असेपर्यंत सहसा उडत नाहीत. त्यामुळे हवेचा नमुना घेऊन ‘घर स्वच्छ’ म्हणणं धोक्याचं; धूळ आणि डाग तपासावेच लागतात. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा संशय हिच्यावर गेला. २००० मध्ये तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने तो संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं, पण भीती उरलीच. आपल्याकडे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसला ‘काळी बुरशी’ म्हणू लागले आणि भिंतीवरचा प्रत्येक डाग लोकांना तोच वाटायला लागला. खरं तर म्युकरमायकोसिसची बुरशी वेगळ्याच कुळातली, आणि काळं पडतं ते रोग्याचं मेलेलं मांस.

शिवाय बुरशी सापडली म्हणजे विष सापडलं असंही नाही. स्टॅकिबोट्रिसचे सगळेच वाण सॅट्राटॉक्सिन हे जहाल विष बनवत नाहीत. म्हणून चाचणीसाठी लागणारं प्रतिपिंड, म्हणजे ठरावीक गोष्टच ओळखून धरणारं प्रथिन, बुरशीचं बनवायचं की विषाचं, हे आधी ठरवावं लागतं. मी विषाच्या मागे लागले आणि अवघड वाट धरली. या विषाचा रेणुभार जेमतेम साडेपाचशे, प्रतिपिंडाचा दीड लाख. एवढ्याशा रेणूची उंदराचं शरीर दखलच घेत नाही. तो एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचावा लागतो. मग उंदीर त्या प्रथिनाविरुद्धच उदंड प्रतिपिंडं बनवतो. विष ओळखणारी त्यात मोजकी. म्हणून टोचताना एक प्रथिन आणि चाचणीच्या ताटलीत दुसरंच, ही आमची पहिली चाळणी.

पुढची पद्धत १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी दाखवली. १९८४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. उंदराच्या प्लीहेतली पेशी कर्करोगाच्या पेशीशी जुळवायची. मग असं माध्यम द्यायचं की न जुळलेल्या कर्कपेशी मरतात. न जुळलेल्या प्लीहापेशी तशाही टिकत नाहीत. उरतात त्या संकरित. त्या इतक्या विरळ करायच्या की एका खळग्यात एकच पेशी पडावी. काही दिवसांनी खळग्याच्या तळाशी एकुलता एक गोल पुंजका वाढलेला दिसतो, तेव्हा बरं वाटतं.

पण खरं काम तिथून पुढे. प्रत्येक पुंजक्याचं पाणी विषावर टाकून पाहायचं, आणि त्याहून जास्त वेळा नेहमीच्या बुरश्यांच्या अर्कावर, सुतावर, खळीवर, घरातल्या धुळीवर. जे प्रतिपिंड सगळ्यांनाच चिकटतं, ते कितीही घट्ट धरत असलं तरी बाद. बिडी कारखान्यात माल देताना छाट निघते तशी आमची छाट निघते, फक्त इथे कामाचं कमी आणि छाट जास्त. नवख्या मुलांना चाचणीच्या ताटलीत पिवळा रंग गडद आला की आनंद होतो. मी त्यांना फिका खळगा दाखवते. या चाचणीत नमुन्यात विष जितकं जास्त, तितका रंग कमी. आणि जिथे विष नाही, तिथे रंग भरून आलाच पाहिजे. प्रतिपिंडाची किंमत त्याने काय धरलं यापेक्षा काय सोडलं यावर ठरते.

हे तंत्र सोलापूरला परकं नाही. हैदराबादच्या रस्त्यावर पटानचेरूला १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या इक्रिसॅट या शेतीसंशोधन संस्थेने भुईमुगातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पकडणारी प्रतिपिंडं आणि स्वस्त चाचणी तयार केली. शेंगाचटणी खाणाऱ्या गावाला याचं मोल सांगायला नको. फक्त शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनला कायद्याने मर्यादा आहे. भिंतीवरच्या बुरशीला तशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलीवर मार्गदर्शिका काढली, तीत सुरक्षित आकडा दिलाच नाही. ओल थांबवा, एवढंच सांगितलं.

पेठेतल्या एका अक्कांना मी कौतुकाने ताटली दाखवत होते. त्या म्हणाल्या, “ते समदं खरं वो, पण विष नाही म्हणताय तर खोकं तसंच ठेवू का?” ठेवू नका, म्हटलं. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ते एक विष नाही, इतकाच. ओल्या भिंतीवरच्या साध्या बुरशीनेही दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. नकार नेमका असावा म्हणून आम्ही एवढा जीव टाकतो, तर तो वाचणाऱ्यानेही नेमकाच वाचावा. म्हणून आता माझ्या अहवालात पहिली ओळ पत्र्याच्या गळतीची असते आणि दुसरी विषाची.