मास्तरांचं हैदराबाद

माझ्या आजोबांना हैदराबाद कधी परमुलूख वाटलं नाही. बीड जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि पुढेही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. चौसाळ्यातल्या त्यांच्या पिढीची राजधानी मुंबई नव्हतीच. जमिनीचा दावा वर गेला की हैदराबादला जायचा, आणि खिशातला रुपयाही तिथलाच, हाली. माझा जन्म महाराष्ट्र झाल्यानंतरचा. मला ते शहर लंडनइतकंच परकं. हे परकेपण ज्यांनी घालवलं, त्यांचं देणं अजून माझ्या डोक्यावर आहे. नाव लिहीत नाही. आमच्या घरी त्यांना नुसतं मास्तर म्हणत.

ऐंशीच्या दशकात आजोबांनी मला एका जुन्या कागदाची नक्कल आणायला पाठवलं. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा करत बस गौलीगुड्याला पोचली. तो स्टँड म्हणजे पत्र्याची अवाढव्य कमान होती, मुळात विमानांसाठी केलेली. (2018 मध्ये ती कोसळली.) कचेरीत सांगितलं, आठ-दहा दिवसांनी या. तोंड पाडून मी मास्तरांच्या सुलतान बाजारातल्या घरी आलो, तर ते खूश.

"बरं झालं लेका. नाहीतर कागद घेऊन तसाच पळाला असतास."

मास्तर मूळचे आमच्याच बालाघाटावरचे. वडील निजामाच्या नोकरीत म्हणून घर तिकडे गेलं ते तिकडचंच झालं. पहिल्या दिवशी त्यांनी मला मराठी ग्रंथ संग्रहालयात नेलं. ही संस्था 1922 ची, आणि जांबागेतली विवेक वर्धिनी शाळा तर 1907 ची. राज्याचा कारभार उर्दूत चालत असताना तिथल्या मराठी माणसांनी आपली पुस्तकं नि आपली शाळा उभी केली होती. आम्ही गावात बसून मराठीच्या गप्पा मारायचो, तेवढ्यावरच आमची मराठी जगली असं मला तोवर वाटत होतं.

सालारजंग म्युझियमचा त्यांचा नियम कडक होता, एका दिवशी एकच दालन. तिसरे सालारजंग मीर युसूफ अली खान 1949 मध्ये वारले. लग्न केलेलं नव्हतं, वारस नव्हता, आणि जगभरातून गोळा केलेल्या वस्तूंनी वाडा भरलेला. 1951 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याच वाड्यात म्युझियम उघडलं, 1968 मध्ये मुसी नदीकाठच्या इमारतीत आलं. लोक तिथे धावतात ते घड्याळाकडे. दर तासाला त्यातून एक छोटा माणूस बाहेर येतो नि टोल देतो. मास्तर घड्याळाकडे पाठ करून उभे राहायचे आणि वर माना केलेल्या गर्दीची तोंडं बघायचे. "हे म्युझियम फुकट आहे बघ," म्हणायचे.

मला मात्र त्यांनी खिळवून ठेवलं ते लाकडी जोडपुतळ्यासमोर. समोरून बघावं तर छाती काढलेला, उर्मट मेफिस्टोफिलिस. मागच्या आरशात बघावं तर मान खाली घातलेली मार्गारेटा. एकाच लाकडात दोघं कोरलेली. मी पाच मिनिटांत पुढे सरकू लागलो, तर खांद्यावर हात पडला. "नक्को रे, घाई नक्को. तिच्या हातातलं पुस्तक बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं.

अजिंठाही मी पहिल्यांदा पाहिला तो पब्लिक गार्डनमधल्या सरकारी म्युझियमात, नकलांमध्ये. लेणी आमच्या मराठवाड्यातली, पण तेव्हा राज्य निजामाचं. गुलाम याझदानींच्या पुराणवस्तू खात्यानं ती जपली, त्यातल्या चित्रांच्या प्रती करून घेतल्या. गावाकडे हे कुणी सांगितलं नव्हतं. निजाम म्हटलं की आमच्याकडे फक्त रझाकारांच्या आठवणी निघतात. त्या खऱ्याच आहेत, पण हेही खरं आहे.

दुपारनंतर बाजार. पत्थरगट्टीत मोत्यांची दुकानं. शहराला समुद्र नाही, पण मोत्याला भोक पाडावं ते इथल्याच कारागिरानं. लाड बाजारात एका दुकानाच्या मागच्या बाजूला बसून आम्ही बांगडी होताना पाहिली. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, वळायची, कड्यावर चढवायची, मग गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. मास्तर प्रत्येक दुकानात भाव विचारायचे, चहा घ्यायचे, आणि बहुतेक वेळा काहीच घ्यायचे नाहीत. दुकानदारही रागावत नसत, हे मला आजही कोडं आहे. माझ्याकडून मात्र त्यांनी या सगळ्या फिरण्यात एक पैसा खर्चू दिला नाही.

नक्कल मिळाली, मी परतलो. मग दर दिवाळीच्या आधी मी बसच्या ड्रायव्हरकडे सीताफळांची करंडी देऊ लागलो. पोचेपर्यंत निम्मी फुटायची. हैदराबादचा बाजार त्या दिवसांत सीताफळांनी भरलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं. मास्तरांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कधी पत्रात तसं येऊ दिलं नाही. आता दोघंही नाहीत. करंडीनं ते देणं फिटण्यातलं नव्हतंच.

हल्ली आमच्या भागातली माणसं पुन्हा हैदराबादचं नाव घेतात, निजामकाळच्या कुणबी नोंदींमुळे. कुणी तिकडे निघालं की मी एवढंच सांगतो: कागदाचं काम गुरुवारी झालं तरी शनिवारपर्यंत थांबा. शुक्रवारी सालारजंग बंद असतं.