चार तिकिटांचा हिशेब

आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्हाला दर महिन्याला नंदुरबारहून धुळ्याला जावे लागते. आई शहात्तरची, बाबा सत्तरचे. पूर्वी भाड्यापायी तपासणी पुढे ढकलली जायची. आता निघण्याआधी आम्ही नवरा-बायको सवलतींचा हिशेब मांडतो.

विमान कंपन्या प्रवाशाला गुण देतात. जो जास्त उडतो, त्यालाच पुढचे तिकीट फुकट. एसटी मात्र आधी किती खर्च केला ते विचारत नाही. ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे मोफत, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे. एका माणसाला दोन सवलती जोडून मिळत नाहीत, पण घराला त्या जोडता येतात. तिकीट १०० रुपये धरा. आई फुकट, बाबा ५०, सून ५०, मुलगा १००. चारशेचे दोनशे झाले. मुलगा कामावर गेला तर शंभरात भागते आणि त्याचा रोजही बुडत नाही.

सुरतेला जाताना हिशेब बदलतो. एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. नवापूरचे तर रेल्वे स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये! रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. तरीही जनरल डब्याचे पूर्ण तिकीट एसटीपेक्षा स्वस्त पडते. म्हणून तिकडे आम्ही गाडीनेच जातो.

बंधू-भगिनींनो, आधार कार्ड जवळ ठेवा आणि कंडक्टरला वय सांगायला लाजू नका. ही सवलत म्हणजे उपकार नव्हे, आपला हक्क आहे. वाचलेल्या पैशात आईची औषधे येतात.