रात्रीची हजेरी आणि दिवसाचा निवारा

अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरी बेघरांचा प्रश्न हाती घेतला आणि मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, तो थंडीपुरता न राहता बारमाही व चोवीस तास खुला असावा, असे ठरत गेले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हीच अट मार्गदर्शक सूचनांत घेतली. त्यामुळे दिवसाचा निवारा वेगळा मागण्याचे कारण कागदोपत्री उरलेले नाही. तरीही नगरपालिकांच्या टिपणांत आणि वर्तमानपत्रांतही निवारा म्हणजे रात्री पथारी टाकण्याची जागा हीच समजूत कायम आहे, आणि देखरेखीची यंत्रणाही तिच्यावरच बेतलेली आहे.

बेघर म्हणजे भिकारी, हा गैरसमज किती वेळा खोडून काढावा याला आता सुमार राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले, त्यांपैकी साधारण ९.४ लाख शहरांत होते. महाराष्ट्रातील आकडा २.१ लाखांच्या घरात होता. ही गणना २८ फेब्रुवारीच्या एका रात्री झाली, आणि लग्नसराईत केटरिंगच्या कामावर असलेला वाढपी, बाजार समितीत पहाटेपर्यंत गाड्या रिकाम्या करणारा हमाल किंवा रखवालदार अशा वेळी झोपलेला सापडत नाही. त्याला पाठ टेकायला जागा लागते ती सकाळी नऊनंतर, आणि नेमक्या त्याच वेळी साफसफाईच्या नावाखाली अनेक निवाऱ्यांना कुलूप लागते.

कुलूप लावणारा काळजीवाहक दुष्ट असतो असे मुळीच नाही. अभियानाच्या सूचनांप्रमाणे पन्नास जणांच्या निवाऱ्यासाठी संचालन व देखभालीचा, म्हणजे इमारत उभी राहिल्यानंतर ती रोज चालविण्याचा, खर्च वर्षाला ६ लाख रुपये धरलेला होता आणि तोही पाच वर्षांपुरता. महिन्याला ५० हजार रुपये होतात, त्यात एक व्यवस्थापक, आठ-आठ तासांच्या पाळीचे तीन काळजीवाहक, वीज, पाणी, अंथरूण-पांघरूण सारे बसवायचे. माणशी रोजचे जेमतेम ३३ रुपये पडतात. हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे आधीची रक्कम ठरल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असल्याने तो लांबला की संस्था प्रथम दिवसपाळीच कमी करते, कारण दिवसपाळीची हजेरी कोणी मागत नाही.

खरा वाद या हजेरीचा आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने मांडणे भाग आहे. उपस्थितीची टक्केवारी काढताना मंजूर क्षमतेशी रात्रीच्या मुक्कामाची संख्या ताडून पाहतात. ती घसरली की गरजच नाही असा शेरा पडतो, आणि निवारा स्थानकापासून, मजूर नाक्यापासून किती लांब आहे, कुटुंबाला एकत्र राहू देतात का, हातगाडी ठेवायला जागा आहे का, हे रकाने नमुन्यात नसल्याने विचारलेच जात नाहीत. दिवसाचे काम तर या गणितात शून्यच ठरते. निवाऱ्याच्या पत्त्यावर आधार काढून देणे, बँकेत खाते उघडणे, क्षयरोग्याची औषधे चुकू न देणे, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरताना महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, घरच नसलेल्या माणसासाठी, कोठून तरी उभा करणे, ही कामे कार्यालयीन वेळेतच होतात, आणि ती नीट झालेला माणूस पुढे भाड्याची खोली घेऊन निघून गेला तर टक्केवारी खाली येते. आपल्या यशामुळे नापास होणारी दुसरी सरकारी योजना शोधून सापडणे कठीण आहे.

२०१६ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली निवाऱ्यांच्या तपासणीसाठी समिती नेमली, २०१८ मध्ये राज्यपातळीवरील समित्यांचा आदेश दिला. तपासणीमुळे शौचालये, पंखे, अग्निशमन नळकांडी यांत सुधारणा झाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण याच राज्यात मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ अन्वये रस्त्यावरच्या माणसाला भिकारी ठरवून उचलून स्वीकार केंद्रात, म्हणजे भिक्षेकऱ्यांना ताब्यात ठेवण्याच्या जागी, धाडता येते. नगरविकास विभाग ज्याला निवाऱ्यात या म्हणतो, त्यालाच दुसऱ्या विभागाची गाडी घेऊन जाऊ शकते, म्हणून दारात सरकारी गाडी दिसली की दिवसा आलेली माणसे मागच्या बाजूने निघून जातात, आणि तपासणी अधिकारी रिकाम्या खाटांची नोंद करून परततात.