हशाचा हिशेब: प्रसंगविनोदी मालिकांच्या प्रतवारीविषयी

दूरचित्रवाणीवरील प्रसंगविनोदी मालिका, म्हणजे सर्वत्र सिटकॉम या नावाने ओळखला जाणारा प्रकार, नाटक किंवा विनोदी कथेपेक्षा वेगळा ठरतो तो एका जाचक अटीमुळे: तीच माणसे त्याच जागेत दर भागाला नव्या अडचणीत सापडतात आणि भाग संपताना जिथे होती तिथेच परत येतात. नाटकातील पात्र तीन अंकांत बदलू शकते, किंबहुना ते बदलावे अशीच अपेक्षा असते. सिटकॉममधील पात्राने मात्र काही शिकायचे नसते, कारण ते एकदा शहाणे झाले की पुढच्या आठवड्यासाठी लेखकाच्या हाती काही उरत नाही. अमेरिकेतील 'साइनफेल्ड' (1989 ते 1998) या मालिकेच्या लेखकांनी तर भागाच्या शेवटी कोणी कोणाला मिठी मारणार नाही आणि कोणी बोधही घेणार नाही, असा दंडकच स्वतःला घालून घेतला होता.

ही अट ध्यानात न घेतल्यामुळे मराठीत या विषयावरची चर्चा बहुधा सुरुवातीलाच भरकटते. 'चला हवा येऊ द्या' किंवा 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हे प्रहसनांचे, म्हणजे सुट्या विनोदी प्रवेशांचे कार्यक्रम आहेत. तेथे नट दर वेळी नवे सोंग घेतो आणि मागच्या सोंगाचे देणे त्याच्या अंगावर नसते. त्यांची गुणवत्ता वेगळी, तिचे मोजमापही वेगळे. तरीही दिवाळी अंकाचे संपादक जेव्हा उत्तम दहा विनोदी मालिकांची यादी मागतात, तेव्हा या सर्वांना एकाच रांगेत बसवणे अपेक्षित असते, आणि अभ्यासकाने नकार दिला की विनोदासारख्या हलक्याफुलक्या गोष्टीत एवढे पांडित्य कशाला, असे त्यालाच ऐकवले जाते. विनोद हलका वाटावा यासाठी त्याची रचना किती घट्ट असावी लागते, हे सांगून सांगून या क्षेत्रातील माणसे थकली आहेत.

कोकणातल्या राजापूरकडच्या प्रेक्षकाला ही रचना समजावून सांगण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही. शिमग्याच्या दिवसांत तालुक्यातील गावोगावी होणाऱ्या नमन-खेळ्यांत गण झाला की गौळण येते आणि गौळणीत मावशी आणि पेंद्या ही ठरलेली विनोदी पात्रे येतात. मावशी आज काय बोलणार हे कोणाला ठाऊक नसते, पण मावशी कशी आहे हे अख्ख्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. उत्सुकता असते ती गावात नुकत्याच घडलेल्या एखाद्या भानगडीला ही ओळखीची मावशी कशी भिडते याची. सिटकॉमचा पाया तोच आहे: स्वभाव कायम, प्रसंग नवा.

याच तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांनी 1980 साली रंगभूमीवर आलेल्या 'वस्त्रहरण'मध्ये याच पायावर पूर्ण नाटक उभे केले. ते मालवणीतले नाटक म्हणून सिंधुदुर्गाच्या खाती जमा केले जाते. वस्तुतः सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला 1981 साली, म्हणजे नाटक त्याच्याहून वयाने मोठे आहे. त्याचे 5000 हून अधिक प्रयोग झाले आणि मच्छिंद्र कांबळी यांचा तात्या सरपंच घराघरांत पोचला. या यशातून पुढे दूरचित्रवाणीने जो धडा घेतला तो मात्र चुकीचा होता. बोली ऐकली की लोक हसतात, असा समज करून घेऊन मुंबईतल्या मालिकांनी कोकणी हेल काढणारा गडी किंवा स्वयंपाकीण पेरायला सुरुवात केली. 'वस्त्रहरण'मधले हसू हेलातून येत नाही. गावाने बसवलेले पौराणिक नाटक कसेही करून पार पाडायचेच, ही एक तळमळ, आणि ते पार पाडणाऱ्या प्रत्येकाला द्रौपदीपेक्षा गावकीतले मानपान मोठे, हे वास्तव, या दोहोंच्या ओढाताणीतून ते येते. शिवाय प्रेक्षक समोर येऊन बसले असल्यामुळे रंगमंचावरून कोणाला पळूनही जाता येत नाही. इच्छा, तिला आड येणारा स्वतःचाच स्वभाव आणि बंद दार, एवढे जमले तर संवाद प्रमाण मराठीत असले तरी चालतात. सिंधुदुर्गाच्या वेशीवरील खारेपाटणच्या अलीकडचे आणि पलीकडचे बोलणे कानाला वेगळे लागते हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी बोलीच्या जिवावर विनोद करू नये, हे जाता जाता.

चांगली मालिका आणि बरी मालिका यांतला फरक ओळखण्यासाठी प्रस्तुत लेखकाला एक परीक्षा उपयोगी वाटते: ज्या वाक्याला हशा मिळाला ते वाक्य उचलून दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालून पाहावे. तरीही हशा मिळत असेल तर ते वाक्य म्हणजे सुटा चुटका असून पात्र केवळ त्याचा हमाल आहे. मुंबई दूरदर्शनवर 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या 'चिमणराव'मध्ये दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाचे भित्रे, लांबण लावणारे वाक्य बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊला देऊन पाहिले तर ते तत्क्षणी मरते, कारण चिं. वि. जोशी यांनी विनोद वाक्यात न ठेवता दोघांच्या देहयष्टीपासून नातेसंबंधापर्यंत सगळीकडे मुरवून ठेवला होता. 2004 साली सुरू झालेल्या 'साराभाई व्हर्सेस साराभाई' या हिंदी मालिकेत सासू मायाचा नाक मुरडण्याचा सूर सून मोनिशाला पेलणार नाही आणि मोनिशाचा काटकसरीचा आनंद मायाच्या आवाक्यात येणार नाही. या मालिकेचे पहिल्या पर्वात जेमतेम 70 भाग झाले, प्रक्षेपणाच्या काळात तिला फारसा प्रेक्षक लाभला नाही, आणि आज तिचे चाहते संवाद तोंडपाठ म्हणतात; प्रेक्षकसंख्येचे आकडे दाखवून गुणवत्ता सिद्ध करू पाहणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' (2001 ते 2004) या परीक्षेत कुठे बसते, याविषयी मात्र निःशंकपणे काही म्हणता येत नाही. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी उभी केलेली ही मालिका मराठीतली सर्वांत लाडकी आहे आणि तीन पिढ्यांतले बोलणे तिने अचूक टिपले आहे. परंतु घरातले आजोबा, म्हणजे आबा, रोजनिशी लिहायला बसले की अनेकदा भागातली सगळी खटपट शांत होते आणि प्रसंगाचा अर्थ प्रेक्षकाच्या हाती ठेवला जातो. कठोर रचनाशास्त्राच्या दृष्टीने हा दोष आहे. आणि तो दोष काढून टाकला तर टिपऱ्यांचे घर टिपऱ्यांचे राहील का, या प्रश्नाला रचनाशास्त्रापाशी उत्तर नाही.

आता ज्या वादावर या क्षेत्रात सर्वाधिक शाई सांडली त्याकडे, म्हणजे ध्वनिमुद्रित हशाकडे वळणे भाग आहे. 1951 साली सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित होत असे. प्रेक्षक हसला की नट थांबत, हशा ओसरू लागला की पुढचे वाक्य घेत, आणि ही थांबण्याची जागा संहितेत आधी लिहिता येत नसे. पुढे चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने तऱ्हेतऱ्हेच्या हशांच्या ध्वनिफिती एका पेटीत बसवल्या; कळा दाबल्या की कुजबुजते हसू, खसखस किंवा गडगडाट हवा तसा निघे आणि पायाखालच्या पट्टीने त्याची लांबी ठरे. लोक ज्याला सरसकट खोटा हशा म्हणून नावे ठेवतात त्यात असे दोन प्रकार मिसळलेले आहेत, आणि पहिला प्रकार खोटा नाही, ती रंगभूमीची शिस्त आहे. दुसऱ्याची कसोटी 'मॅश' या युद्धकालीन इस्पितळावरील मालिकेने आयती उपलब्ध करून दिली: अमेरिकेत ती हशासकट दाखवली गेली, तरी शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा वापरला जात नसे; बीबीसीने मात्र ती ब्रिटनमध्ये हशाविना दाखवली. तिचे भाग दोन्ही प्रकारे तगले. ज्या मालिकेचा हशा काढून घेताच नट उगाच ताटकळत उभे असल्यासारखे दिसू लागतात, तिची संहिता कच्ची आहे असे खुशाल समजावे. आपल्याकडच्या अनेक मालिकांनी तर हशाही टाकून दिला आणि त्याच्या जागी टणत्कार, शिट्ट्या आणि एकच चेहरा तीनतीनदा दाखवण्याची रीत आणली. नमनातला मृदंगवालाही मावशीच्या वाक्यावर थाप मारतोच, पण तो समोरच्या माणसांकडे बघत असतो; संकलनाच्या खोलीतल्या तंत्रज्ञासमोर कोणी नसते, आणि म्हणून तो प्रत्येक वाक्यावर थाप मारत सुटतो.

शेवटी प्रश्न उरतो भागांच्या संख्येचा, आणि तो अभिरुचीपेक्षा व्यवहाराचा अधिक आहे. जाहिराती वजा जाता साधारण 22 मिनिटांच्या भागात मुख्य कथानक आणि त्याला समांतर जाणारे उपकथानक अशी दोन सूत्रे चालवून, पहिल्या मिनिटात सहज पेरलेली वस्तू विसाव्या मिनिटाला दोन्ही सूत्रांच्या आड येईल अशी गुंफण करणे हे कारागिरीचे काम असून त्याला वेळ लागतो. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी 'फॉल्टी टॉवर्स'चे सहा भाग 1975 साली दिले, पुढचे सहा 1979 साली, आणि मालिका 12 भागांवर थांबवली. 2008 साली सुरू झालेल्या 'तारक मेहता का उल्टा चष्मा'ने 4000 चा आकडा ओलांडला आहे. तिच्या आरंभीच्या भागांत एका सोसायटीतल्या माणसांची जी नेमकी ओळख होती तिचे पुढे ठरलेल्या उद्गारांत आणि सणासुदीच्या शिकवणुकीत रूपांतर झाले, याचा दोष लेखकांच्या प्रतिभेला देणे अन्यायाचे होईल, कारण रोजच्या रोज भाग पुरवायचा असला की स्वभाव शोधायला उसंत मिळत नाही आणि हाताशी असलेला तकियाकलामच वापरावा लागतो. मराठीत साप्ताहिक विनोदी मालिकेची जागा आता जवळपास उरलेली नाही. दोन पर्वांमध्ये चार वर्षांची फुरसत मागणाऱ्या लेखकाला कोणती वाहिनी दारात उभे करील, हे सांगण्यासाठी या विषयाच्या अभ्यासकाची आवश्यकता नाही.