अ‍ॅडलेड ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज : चाकांवरच्या घरातून

अ‍ॅडलेडला गाडी ताब्यात घेताना कंपनीचा माणूस आम्हाला गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि टेबल मोडून होणारा पलंग दाखवत होता. अब्बा तेवढ्या वेळात चारही टायरांना लाथ मारून आले. ३१ वर्षे एस.टी. चालवलेला माणूस. "शेगडी राहू दे, स्टेपनी कुठे आहे ते विचार," त्यांनी धाकट्याला फर्मावले.

धाकटा, म्हणजे आमचा भाऊ, ११ वर्षांपासून अ‍ॅडलेडला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे, नववीतली लेक आणि अब्बा त्याच्याकडे गेलो, आणि कँपरव्हॅन भाड्याने घेऊन वाळवंट पाहायची टूम त्याने काढली. टूम खरी, पण त्यामागचे कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. अम्मीच्या इंतकालानंतर अब्बा दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी एकटे राहतात. आम्ही नोकरीपायी चिपळूणला. धाकट्याला त्यांना कायमचे ऑस्ट्रेलियाला न्यायचे होते. अब्बांनी हो म्हटले नव्हते, नाहीही म्हटले नव्हते.

निघण्याआधीचा जुमा आम्ही अ‍ॅडलेडच्या जुन्या मशिदीत पढलो. १८८८-८९ मध्ये बांधलेली ही मशीद. चार मिनार १९०३ मध्ये चढले. ती बांधली उंटवाल्यांनी. थकलेले उंटवाले म्हातारपणी मशिदीशेजारच्या खोल्यांत राहायचे, हे धाकट्याने सांगितले तेव्हा अब्बा जरा वेळ त्या बाजूला बघत राहिले.

वाचकांनी नकाशा उघडून पाहावा. अ‍ॅडलेडहून उत्तरेला पोर्ट ऑगस्टा, आणि तिथून स्टुअर्ट हायवे सरळ देशाच्या पोटात शिरतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत साधारण १,५०० किलोमीटर. हा रस्ता पूर्ण डांबरी झाला तो १९८७ मध्ये. गाडीच्या करारात दोन अटी ठळक अक्षरांत होत्या : डांबरी रस्ता सोडायचा नाही, आणि सूर्य मावळल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही, कारण कांगारू अंधारात थेट दिव्यांवर येतात. दुसरी अट अब्बांना फार पटली. रस्त्याबद्दल मात्र त्यांची तक्रार होती. "वळणच नाही! आमच्या कशेडीत ड्रायव्हरला झोपायची सोय नाही. इथे जागं राहायची सोय नाही."

लाल माती, खुरटी झुडपे आणि आभाळ. तासन्‌तास तेवढेच. मधेच रोड ट्रेन येते : एका ट्रकला मागे तीन-तीन डबे, ५३ मीटरपर्यंत लांब. ती बाजूने गेली की वाऱ्याने आमचे घर भांड्यांसकट हलायचे. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, हे अब्बांच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आले. एस.टी.चे ड्रायव्हरही एकमेकांना असाच हात करतात. मग पुढचे चार दिवस शेजारच्या सीटवरून बोट उचलण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

ग्लेंडँबोला टाकी काठोकाठ भरली, कारण पुढे कूबर पेडीपर्यंत २५० किलोमीटर एकही पंप नाही. वाटेत गाड्या थांबायच्या एका मोकळ्या जागेत खिचडी शिजवली. माश्या इतक्या, की बोलायला तोंड उघडावे तर एक तरी आत जायची. जेवणाआधी चटया अंथरल्या. आम्ही कोकणातले शाफई; प्रवासात जुहर आणि असर एकत्र, कसर करून पढतो. अब्बांनी सूर्याकडे पाहिले, उजवीकडे वळले आणि इमामत केली. आम्ही मागे उभे राहिलो.

खिचडी झाली, चहा झाला. लेक सावलीसाठी चटई सरकवत होती, ती थबकली. "दादा, आपण पश्चिमेला तोंड केलं होतं ना? मग सूर्य आपल्या पाठीमागे का उतरतोय?"

आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो. त्याच्याकडे तोंड केले की उजवा हात पश्चिमेला. अब्बांनी आयुष्यभर असेच किब्ला ओळखला. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे उजवा हात पूर्वेला. भूगोल शिकवणाऱ्या माणसांच्याही हे डोक्यात आले नाही, हे कबूल करायला आम्हाला लाज वाटते. धाकट्याने गाडीतला फोन आणून खात्री केली. तो सगळ्यांत जास्त खजील झाला. "११ वर्षं फोन दाखवेल तिकडे तोंड करतोय. सूर्य कुठून जातो ते कधी बघितलंच नाही."

किब्ला इथूनही पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे; जवळजवळ आपल्या गावासारखाच. "म्हणजे दिशा तीच, सूर्य उलटा," अब्बा म्हणाले, आणि चटई फिरवून त्यांनी नमाज पुन्हा पढली. आम्हीही.

कूबर पेडीला लोक उन्हाळा टाळण्यासाठी जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. तिथे १९१५ पासून ओपल हा रंगीत खडा निघतो. लेकीला गाव फार आवडले. आम्हाला दुकानातल्या किमती पाहून बाहेरची हवा बरी वाटली.

पाचव्या दिवशी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज. ही मूळची अरेर्न्ते लोकांची भूमी. इथवर तारेचे खांब, पीठ, चहा, रेल्वेचे सामान आणले ते उंटांनी. १८६० मध्ये पहिले मोठे खेप, २४ उंट, कराचीहून मेलबर्नला उतरले. १८६५ च्या अखेरीस पोर्ट ऑगस्टाला शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले आले, मग ते येतच राहिले. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. त्यांत पेशावर, बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे पुष्कळ होते. बहुतेक जण काही वर्षांच्या करारावर, बायकामुले मागे ठेवून आले. १९०१ च्या कायद्याने अशा लोकांना देशात येणे आणि एकदा गेल्यावर परतणे अवघड करून टाकले. काहींनी इथल्या आदिवासी स्त्रियांशी लग्ने केली. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही या भागात आहेत. १९२९ मध्ये रेल्वे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोहोचली. तिचे रूळही उंटांनीच वाहिले होते. पुढे मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले गेले. गाडीचे नाव मात्र 'द घॅन' पडले, अफगाणमधल्या 'घॅन'वरून.

गावच्या कबरस्तानात एका टोकाला त्यांच्या कबरी आहेत, बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिशेने, किब्ल्याच्या हिशेबाने. आम्ही फातिहा पढलो. अब्बा खाली बसून एका कबरीवरची सुकलेली काटकी-पाने वेचत राहिले. आम्हाला गावची अम्मीची कबर दिसत होती. पावसाळा तोंडावर आला, की अब्बा दरवर्षी तिच्याभोवतीचे गवत स्वतः काढतात.

"यांना परतीचं तिकीट होतं का रे?" त्यांनी धाकट्याला विचारले.

"काहींना असेल. सगळ्यांना नाही."

"माझं कितीचं आहे?"

"तीन जून." मग थोडे थांबून, "पण बदलता येतं, अब्बा."

"पावसाच्या आधी पोहोचेन ना?"

धाकटा काही बोलला नाही. त्याने मान हलवली आणि अब्बांच्या हातातली काटक्यांची मूठ स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. खडखड ऐकून आम्ही दार उघडले. अब्बा उठायच्या आधीच धाकटा बॅटरी घेऊन चारही टायरांची हवा तपासत होता.